चार नंबरनं वर केलेला हात

आमच्या महिला बास्केटबॉल संघाच्या त्या रविवारच्या चाचणी सामन्याला आज नऊ दिवस झाले. रात्री जेवण झालं की तिसरा क्वार्टर पुन्हा डोळ्यांपुढं येतो. घरच्यांना सांगून झालं. ज्यांना वेळेवर सांगायला हवं होतं त्यांना मी एक दिवस उशिरा सांगितलं, ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी एका कॉलेजच्या जिमखान्यात क्लार्क आहे आणि गेली बावीस वर्षं कोल्हापुरात बास्केटबॉलच्या टेबलावर स्कोअरर म्हणून बसतो. स्कोअरर म्हणजे बोर्डावरचे आकडे बदलणारा, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं काम कागदावर असतं. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनानं लिहायचा, दुसरा आणि चौथा निळ्या. दोन गुणांचा बास्केट झाला की धावत्या गुणांच्या आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला, म्हणजे फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटला, भरीव टिंब, तीन गुणांचा झाला तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. सुरुवातीला उतरणाऱ्या पाच जणांच्या नावापुढच्या फुलीला गोल. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल भरले की पाचव्यापासून समोरच्याला फ्री थ्रो, त्यामुळं तिथं एक खूण राहिली तर सामना फिरतो. माझ्या कागदावर रेफ्रीला कधी दुसऱ्यांदा बेरीज करावी लागलेली नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

पूर्वी जर्सीचे नंबर ४ ते १५ एवढेच असायचे, कारण एक, दोन आणि तीन बोटांच्या खुणा रेफ्रीला गुणांसाठी लागायच्या. आता ० ते ९९ काहीही चालतं. आमच्या क्लबात मात्र अजून तेच जुने नंबर आहेत आणि पोरी माझ्या डोक्यात नंबरानंच बसलेल्या आहेत. इथंही तसंच लिहितो.

या एवढ्या बारकाईनं भरलेल्या अधिकृत कागदावर पास कुणी दिला हे लिहायला जागाच नाही. बास्केट कुणी केला ते कळतं. तिच्या हातात चेंडू कुणी आणून दिला ते कुठंच नोंदवलं जात नाही. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगनंसुद्धा चेंडू कोण किती वेळा गमावतं हे १९७७-७८ च्या हंगामापासून मोजायला घेतलं. म्हणून मी माझी वेगळी दोनशे पानी वही ठेवतो. पास देणारीचा नंबर, बाण, शॉट मारणारीचा नंबर, पुढं टिक किंवा फुली. चेंडू गमावला तर जिच्यामुळं गमावला तिच्या नंबराभोवती चौकोन.

आता प्रसंग. आमच्या महिला संघाची सात नंबर रेल्वेत लागली. सहा वर्षं पॉइंट गार्ड तीच होती. आठ सेकंदांत चेंडू अर्ध्या कोर्टच्या पलीकडं न्यायचा, चोवीस सेकंदांत शॉट निघाला पाहिजे, आणि त्या मधल्या वेळात कोण कुठं पळणार हे बाकीच्या चौघींना सांगायचं, हे सगळं तिच्यावर होतं. नोकरी लागली याचा आनंद सगळ्यांनाच झाला, पेढेही वाटले गेले. दुसऱ्या दिवशी सरावाला आलेल्या पोरी चेंडू हातात घेऊन नुसत्या एकमेकींकडं बघत उभ्या होत्या. तिच्या जागी कोण, हे ठरवायला रविवारची चाचणी होती.

हे गाव फुटबॉलवेडं. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने लागले की दुकानं लवकर बंद होतात. बास्केटबॉलला तेवढी माणसं येत नाहीत, पण जी येतात ती त्याच मुशीतली. चाचणीच्या दिवशी सकाळी सातपासून पायऱ्यांवर पंधरावीस जण होते आणि चेंडू वर जायच्या आधीच वाद पेटला होता.

मंगळवार पेठेतले एक मामा आहेत, साठीचे, एकही सामना चुकवत नाहीत. ते म्हणाले, "बाहेरनं आणा की. फुटबॉलला आफ्रिकेतनं खेळाडू येत्यात आणि तुमाला मिरजेतनं एक पोरगी आणायची जड जातीया व्हय?"

मिरजेची पोरगी आलेलीच होती. बारा नंबर, पाच फूट आठ इंच, सकाळच्या पॅसेंजरनं एकटी आलेली, आल्याआल्या टेबलावरच्या आम्हा चौघांना नमस्कार केला. मामांच्या शेजारच्या कॉलेजच्या पोरानं त्यांचीच री ओढली. पॉइंट गार्ड जेलन ब्रन्सन एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ३३ वा गेला होता, २०२२ मध्ये न्यूयॉर्कनं त्याला डॅलसमधून आणलं आणि संघ उभा केला, असं त्याचं म्हणणं. माहिती बरोबर होती. पण न्यूयॉर्ककडं पैसे होते. आमच्याकडं मिरजेचं तिकीट काढायला वर्गणी होते.

दुसऱ्या पोराचं म्हणणं, बाहेरची कशाला, आपल्या आठ नंबरलाच पॉइंट गार्ड करा. "स्टेफ करी शूटरच होता की मामा, केला की न्हाई त्याला?" आठ नंबर आमची सगळ्यात चांगली शूटर. हे मला पटलं नाही, आणि मी टेबलावरनंच सांगितलं. करीचं अमेरिकेतलं डेव्हिडसन कॉलेज २००८ मध्ये देशातल्या शेवटच्या आठ संघांत पोचलं तेव्हा पॉइंट गार्ड जेसन रिचर्ड्स होता. तो शिकून बाहेर पडला आणि पुढच्या हंगामात चेंडू करीकडं आला. करीनं सामन्याला सरासरी २८.६ गुण केले, अख्ख्या देशात सगळ्यात जास्त, पण संघाला त्या वर्षी मुख्य स्पर्धेत जागा मिळाली नाही. करीला चेंडू आणून देणारा रिचर्ड्स नव्हता ना! पोरगं गप्प झालं. मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं. रिचर्ड्सची आठवण मला त्याच रात्री पुन्हा होणार होती.

त्या जागेची आमच्या क्लबातली दावेदार म्हणजे चार नंबर. तिच्याबद्दल पायऱ्यांवर एकच वाक्य ऐकू आलं. "ती? ती तर टेबलाखालनं जाईल." पाच फूट एक इंच, यंदा बारावी. पाच फूट तीन इंचांचा मग्सी बोग्ज एनबीएत १४ हंगाम खेळला हे आमच्या प्रशिक्षक सरांनाही माहीत आहे, पण उंच खेळाडू समोर आला की त्यांचा तोल त्या बाजूला जातो. माणूस सोन्यासारखा आहे. पहाटे साडेपाचला कोर्ट स्वतः झाडतो, पोरींच्या बुटांना स्वतःच्या खिशातनं पैसे घालतो. फक्त उंचीपुढं त्यांचं काही चालत नाही.

पालकांचं तर काही विचारूच नका. दोघींच्या वडिलांनी टेबलापाशी येऊन मला चहा विचारला. सामन्याच्या दिवशी टेबलावरच्या माणसाला चहा विचारू नये, एवढं तरी कळायला हवं.

सामना लागला. चोवीस सेकंद मोजणारा शॉटक्लॉक पावसाळ्यापासून बंद आहे. ज्यांनी तो दुरुस्त करायचा त्यांना तीन अर्ज दिलेत, तिन्हींची पोच माझ्याकडं आहे. एक पोरगा स्टॉपवॉच घेऊन शेवटची पाच सेकंदं ओरडून सांगत होता. अशा ओरडण्यावर पॉइंट गार्डची निवड करायची म्हणजे पोरींवर अन्याय आहे, हे मी त्या दिवशीही बोललो. अधिकृत कागद मी शिकाऊ मुलीकडं दिला आणि स्वतः वही घेऊन बसलो, कारण सरांनी आधीच सांगितलं होतं, "आज तुमची वही लागणार."

सरांनी संघ पाडले. बारा नंबरच्या बाजूला आठ नंबर आणि अनुभवी तिघी. चार नंबरच्या बाजूला उरलेल्या, त्यात चौदा नंबर. चौदा नंबर उंच आहे, पण गेल्या वर्षीच खेळायला लागली, चेंडू अजून तिच्या हातात ठरत नाही.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये चार नंबरचा संघ अकरा गुणांनी मागं होता. ती डावीकडनं चेंडू टप्पा टप्पा नेत होती, मान उजवीकडं, जणू पलीकडं पास जाणार. अंगावरच्या दोघी त्या मानेमागं सरकल्या. तेवढ्यात चौदा नंबर बेसलाइनवरून आत घुसली आणि दोघींच्या मधून एक टप्पा पास तिच्यापर्यंत पोचला. मी पाच फुटांवर होतो. चेंडू कमरेच्या वर उसळला होता, अगदी दोन्ही हातांत यावा असा. चौदा नंबरच्या तळव्यांना लागला, तिथनं गुडघ्यावर, गुडघ्यावरनं बाहेर. शिट्टी. पायऱ्यांवरनं "अरे अरे अरे". चौदा नंबरनं तोंडावर हात घेतला, डोळे भरले.

शिट्टीचा आवाज विरायच्या आत चार नंबरनं उजवा हात वर केला आणि छातीवर थाप मारली. "माझं चुकलं! लई खाली टाकलो मी."

आणि मी वहीत चार नंबरभोवती चौकोन काढला.

पुढच्या खेपेला तीच चाल, पास छातीच्या उंचीवर, हातात ठेवावा तसा. चौदा नंबरनं पकडला आणि बास्केटखालून चुकवला. फुली. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा तिलाच. या वेळी शॉट मारताना फाऊल झाला, दोनपैकी एक फ्री थ्रो आत गेला. माझ्या मोजणीत तो पास कुठंच आला नाही, कारण फ्री थ्रो मी धरत नाही. दोनदा तोंडघशी पडलेल्या पोरीकडं तिसऱ्यांदा चेंडू देणं सोपं नसतं. पायऱ्यांवरनं लोक चार नंबरला "दुसरीला दे" म्हणून ओरडत होते.

सामना संपला. सर म्हणाले, "वाचा की राव." मी वाचलं. बारा नंबर, बास्केट झालेले पास नऊ, गमावलेले चेंडू दोन. चार नंबर, बास्केट झालेले पास दोन, गमावलेले पाच.

"संपला विषय!" मामांनी मांडीवर थाप मारली.

चार नंबर कोर्टच्या कडेला बसून बुटाची नाडी सोडत होती. तिनं ऐकलं. वर बघितलं नाही.

रात्री वही पुन्हा उघडली, कारण तो चौकोन मला टोचत होता. पास नीट असेल आणि पकडणारीनं सोडला, तर चौकोन पकडणारीभोवती काढायचा, हा नियम मी स्वतः नव्या मुलांना शिकवतो. तिनं हात वर केला आणि मी डोळ्यांनी बघितलेलं सोडून तिच्या हातावर विश्वास ठेवला. पाचांतले असे दोन निघाले, दोन्ही वेळा हात वर. मग मी टिका सोडून फुल्या मोजायला घेतल्या. चार नंबरच्या पासवर सोळा वेळा शॉट मारला गेला होता, त्यातले दोन आत. बारा नंबरच्या पासवर चौदा वेळा, त्यातले नऊ आत, आणि त्या नऊपैकी सहा एकट्या आठ नंबरचे.

तेव्हा रिचर्ड्स आठवला. २००७-०८ मध्ये अख्ख्या अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त असिस्ट, म्हणजे बास्केट झालेले पास, त्याचे होते. चेंडू कुणाच्या हातात पडत होता? करीच्या. मी सकाळी पोराला त्या गोष्टीची एकच बाजू सांगून गप्प केलं होतं. जॉन स्टॉकटनचे एनबीएत १५,८०६ असिस्ट आहेत, आणि त्याच्या पासवर वर्षानुवर्षं धावणारा कार्ल मलोन होता. स्टॉकटन त्यामुळं लहान होत नाही. पण दोन पॉइंट गार्डांची तुलना करताना पास कुणाकडं जात होते हे बघायलाच हवं. सामना चालू असताना माझ्यासमोर ते लिहिलेलं होतं, ओळीनं. मी फक्त टिका वाचून दाखवल्या.

मोठमोठे पगार घेणारेसुद्धा चुकतात. २००९ च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटानं पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन पॉइंट गार्ड उचलले, रुबिओ आणि फ्लिन, आणि सातवा करी गोल्डन स्टेटला गेला. हे आठवून मला दिलासा मिळाला नाही. त्यांची चूक अंदाजाची होती. माझ्या वहीत तर सगळं होतं.

बारा नंबरबद्दल माझं काही वाईट मत नाही. तिनं चेंडू दोनदाच गमावला, तोही अनोळखी चौघींबरोबर, पहिल्याच दिवशी. ती संघात हवीच. पण यादीत बाराच नावं बसतात, आणि सोमवारी सकाळी कोर्टच्या दारावर यादी लागली त्यात चार नंबर नव्हती.

सोमवारी संध्याकाळी वही घेऊन सरांकडं गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि तिसऱ्या क्वार्टरच्या ओळींवरनं बोट फिरवत गेले. चौकोनापाशी थांबले.

"पास खाली नव्हता?"

"नव्हता, सर. कमरेच्या वर होता."

"मग हिनं हात का वर केला?"

"चौदा नंबर रडायला आली होती."

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काल का नाही सांगितलं तुम्ही?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. फुल्या मोजायला मला अर्धा तास लागला होता. तो अर्धा तास मी रविवारी कोर्टवरच मागून घ्यायला हवा होता, मामा आणि सगळे थांबले असते. त्यांनी संघाच्या नावांचा फॉर्म बुधवारी पाठवायचा आहे एवढं सांगितलं, वही मिटली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली.

बुधवार होऊन गेला. फॉर्मवर बारावं नाव कुणाचं गेलं ते सरांनी मला सांगितलेलं नाही. दारावरची यादी पावसानं भिजली म्हणून शिपायानं काढून टाकली. वही अजून सरांकडंच आहे.