मॉवर धुतलेलं पाणी: माझा अनुभव

अर्जाच्या सातव्या रकान्यात दोनच चौकटी होत्या. ‘घरगुती सांडपाणी’ आणि ‘औद्योगिक सांडपाणी’. लागू असेल तिथे खूण करा. आमच्या गोल्फ कोर्सची नवी मेंटेनन्स शेड, म्हणजे गवत कापायचे मॉवर ठेवायची, धुवायची नि दुरुस्त करायची जागा, उभी राहून आता वर्ष होत आलं. लोक येतात, फिरून बघतात, कौतुक करतात. मला मात्र शेड म्हटलं की त्या दोन चौकटीच आठवतात. कामाला एकूण तेरा महिने लागले, त्यातले पाच त्या रकान्याने खाल्ले.

मी या अठरा होलच्या कोर्सचा सुपरिंटेंडंट, म्हणजे मैदान राखणारा. आमची जुनी शेड म्हणजे तीन भिंती आणि वर पत्रा. ग्रीनचं, म्हणजे होलभोवतीचं, गवत तीन मिलिमीटरच्या आसपास कापणारी नाजूक यंत्रं, रफ म्हणजे कडेचं उंच गवत कापणारे धिप्पाड मॉवर, खताची पोती, औषधांचे कॅन, डिझेल, वाळू आणि कामगारांचे जेवणाचे डबे, सगळं एका छपराखाली. यंत्रं धुवायची बाहेर उघड्यावर. धुतल्यावरचं हिरवं पाणी उताराने खालच्या तळ्यात जायचं. तळ्यावर शेवाळ धरलं की मेंबर मलाच विचारायचे, ‘औषध का मारत नाही?’ शेवाळाला खत तर आम्हीच घालत होतो! कापलेल्या गवतात बहुतेक पाणीच असतं, पण उरलेल्या भागात नायट्रोजन आणि फॉस्फरस चांगलाच असतो. पैसे मोजून फेअरवेवर, म्हणजे खेळायच्या मुख्य पट्ट्यावर, टाकलेलं खत आम्ही रोज सकाळी धुऊन तळ्याला पाजत होतो.

म्हणून नव्या आराखड्यात मी सगळ्यात आधी वॉश पॅड, म्हणजे यंत्रं धुवायची जागा, काढला. सिमेंटचा उतार, मधोमध नाली, नालीला जाळी, पुढे पाण्यातून तेल वेगळं करणारी टाकी आणि तिथून पाणी सरळ गटाराच्या लाइनला. कागदावर झकास दिसत होतं. पाया, स्टील, पत्रे, वीज यांच्या परवानग्या आल्या, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते लाइनला पाणी जोडण्याच्या परवानगीपाशी.

पहिल्या टेबलावरच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, ‘यंत्रं आहेत ना? तेल आहे ना? मग औद्योगिक.’ मी औद्योगिकवर खूण केली. त्या खुणेबरोबर चार पानांची पुरवणी येते. उत्पादनाचं नाव, रोजचं उत्पादन, कच्चा माल, प्रक्रियेचं वर्णन. दोन रात्री मी ती पुरवणी समोर घेऊन बसलो. शेवटी उत्पादन म्हणून ‘कापलेलं गवत’ लिहिलं आणि कच्चा माल म्हणून ‘गवत’.

ही पुरवणी जाते दुसऱ्या टेबलावर. तिथल्या बाईंनी ती शांतपणे वाचली.

‘हे गवत तुम्ही विकता?’

‘नाही.’

‘मग त्याचं करता काय?’

‘काही नाही. ते आम्हाला नकोच असतं.’

‘मग हे उत्पादन कसं?’

त्यांचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. अर्ज पहिल्या टेबलावर परत आला, शेरा ‘घरगुती म्हणून सादर करावा’. घरगुतीच्या पुरवणीत विचारतात माणसं किती आणि संडास किती. अठरा माणसं, तीन संडास. भरून दिलं. दहा दिवसांनी परत, शेरा ‘सोबतच्या नकाशात यंत्रे धुण्याची जागा दिसते. खुलासा करावा.’

या टोलवाटोलवीत स्लॅब तसाच राहिला. नाल्या स्लॅबखालून जातात. नालीचं पाणी कुठे जाणार हे ठरल्याशिवाय स्लॅब ओतता येत नाही आणि स्लॅब नाही म्हणजे आत यंत्रं उचलायची लिफ्ट नाही, पात्यांना धार लावायचा ग्राइंडर नाही, काहीच नाही. स्टीलचा सांगाडा उघडाच उभा. कंत्राटदाराने माणसं दुसऱ्या कामावर नेली. मी रोज सकाळी त्या सांगाड्यावरून ग्रीनवर जायचो आणि तिकडे बघायचं टाळायचो.

एक गंमत सांगतो. गवत कापायचं यंत्र 1830 साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसाने काढलं. कापडगिरणीत लोकरीच्या कापडावरची लव कातरणारं यंत्र असायचं, त्यातलं फिरतं पातं त्याने जमिनीवर आणलं. आमचे ग्रीन मॉवर आजही त्याच तत्त्वावर चालतात, पात्यांची फिरती रील आणि खाली बेडनाइफ नावाचं स्थिर पातं. म्हणजे मॉवर औद्योगिक आहे असं पहिल्या टेबलाने म्हटलं ते इतिहासाला धरूनच होतं. हे मी त्या साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाण्याचा तपासणी अहवाल आणायला सांगितलं.

इथे मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. इतका वैतागलो होतो की त्याच दुपारी जुन्या शेडमागे गेलो, तिथे फेअरवे मॉवर धुणं चालू होतं, वाहत्या पाण्याची बाटली भरली आणि प्रयोगशाळेत देऊन आलो. तीन आठवड्यांनी अहवाल आला. तरंगते कण, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप), सगळे आकडे त्यांच्या मर्यादेच्या कितीतरी वर. येणारच होते. मी त्यांना पाणी दिलंच नव्हतं, गवताचा काढा दिला होता.

आमचा मेकॅनिक अहवाल बघून म्हणाला, ‘साहेब, आधी हवा तर मारायची.’ कॉम्प्रेसरने आधी हवा मारली की डेकला, म्हणजे पात्यांवरच्या झाकणाला, चिकटलेलं बहुतेक गवत कोरडंच सुटतं, ते झाडून उचलता येतं आणि नंतरच्या पाण्यात फार कमी उतरतं. आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही, घाईत करत नव्हतो इतकंच. दुसऱ्या दिवशी हवा मारून, झाडून, मग धुऊन, जाळीतून गाळून दुसरा नमुना दिला. आणखी तीन आठवडे. आकडे खूपच खाली आले. पण पहिला अहवाल फायलीत लागून गेला होता आणि फाइल काही विसरत नाही. दोन अहवालांत एवढा फरक का, याचा खुलासा करावा, असं पत्र आलं.

कुणी या वाटेने जाणार असेल तर एवढं करा. नमुना द्यायच्या आधी धुण्याची पद्धत नवीन शेडमध्ये जशी असणार तशी करा. आणि फवारणी यंत्र धुतलेलं पाणी त्या नमुन्याच्या आसपासही येऊ देऊ नका. ते पाणी वॉश पॅडवर कधीच जाता कामा नये. त्यासाठी औषध मिसळायचा वेगळा पॅड लागतो, आणि टाकी खंगाळलेलं पाणी लेबलवर ज्या गवतासाठी परवानगी आहे त्यावरच फवारून संपवायचं.

खुलासा लिहायला मी नकार दिला. पत्राने काही होणार नाही, कुणीतरी येऊन बघा, असं जरा चढ्या आवाजातच सांगितलं. त्याचा अभिमान नाही, पण पुढच्या आठवड्यात एक तरुण इंजिनियर मॅडम आल्या. रबरी बूट घालून जुन्या धुण्याच्या जागेच्या कडेला वीस मिनिटं उभ्या होत्या. तीन मॉवर आले, हवा मारली, धुतले, गेले. फायलीत त्यांनी डोकंही घातलं नाही. एकच प्रश्न विचारला, ‘हे पाणी बाहेर सोडायचंच कशाला?’

खरं सांगायचं तर हा प्रश्न आराखड्याच्या वेळी आमच्यातही निघाला होता. पाणी फिरवून वापरायची यंत्रणा असते. जाळी गवत अडवते, टाकीत माती बसते, पुढच्या टाकीत हवा सोडलेली असते आणि तिथले जिवाणू तेल-ग्रीस नि बाकी घाण खातात, मग तेच पाणी पंपाने पुन्हा नळीत. उडून गेलं तेवढंच वरून भरायचं. मी ती महाग म्हणून खोडली होती, आणि एक झंझट वाढते म्हणूनही. हवा बंद पडली की टाकी नासते, वास सुटतो, रोज लक्ष ठेवावं लागतं. कीटकनाशक किंवा जंतुनाशक त्यात गेलं तर जिवाणू मरतात. पण पाच महिन्यांचं थांबलेलं काम मांडून बघितलं तर महाग काय होतं ते कळलं.

मॅडम म्हणाल्या, ‘एकही थेंब लाइनला जाणार नसेल तर हा अर्ज तुम्हाला लागूच नाही.’ मी जवळजवळ टाळ्या वाजवल्या. त्या पुढे म्हणाल्या, ‘फक्त तसं पत्र घेऊन ठेवा.’

परवाना लागत नाही, असं सांगणाऱ्या पत्राचा नमुनाच त्या कचेरीत नव्हता. परवाना द्यायचे तीन नमुने होते, नाकारायचे दोन. लागतच नाही याचा एकही नाही. मसुदा कोणी करायचा यावर पुन्हा दोन टेबलं. शेवटी मीच मसुदा लिहून नेला आणि पाच आठवडे दर सोमवारी जाऊन बसलो. पत्र आलं ते साडेतीन ओळींचं. ते मी लॅमिनेट करून ग्राइंडरच्या खोलीत लावलंय, मेकॅनिकच्या डोक्यावर.

स्लॅब ओतला त्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि खुर्ची घेऊन समोर बसलो.

ओतण्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट राहिलीच. औषधांच्या खोलीत कंत्राटदाराच्या माणसांनी सवयीने जमिनीत नाली ठेवली होती. तिथे नाली नकोच. कॅन फुटला तर औषध खोलीतच अडलं पाहिजे. उंबरठा असा ठेवायचा की सगळ्यात मोठ्या डब्यात मावतं त्याच्या 110 टक्के आत राहील. ती नाली मी संध्याकाळी टॉर्च घेऊन फिरताना बघितली म्हणून वाचलो. रॅक लाकडाचे करू नका, ते औषध शोषतात. पावडर वरच्या फळीवर आणि द्रव खाली, म्हणजे गळलं तरी पावडरीवर पडणार नाही. पंख्याचा आणि दिव्याचा स्विच दाराबाहेर. डोळे धुवायचा नळ दहा सेकंदांत गाठता येईल इतका जवळ आणि सलग पंधरा मिनिटं चालेल असा.

वॉश पॅडवर छप्पर घाला, नाहीतर पाऊसही तुमच्या टाकीत येतो आणि मग थेंब बाहेर जाणार नाही हे वचन पहिल्याच सरीला मोडतं. छपराची उंची ठरवताना रोल बार (यंत्र उलटलं तर चालकाला वाचवणारी डोक्यावरची कमान) उभा असलेला मॉवर खाली नेऊन बघा. आणि नळ्या! आम्ही आधी एकच काढली होती. सकाळची कापणी संपली की सगळी यंत्रं एकाच वेळी परत येतात. एकाला दहा मिनिटं धरली तर सहावं यंत्र पन्नास मिनिटं रांगेत उभं, आणि त्याच्यावर बसलेला माणूसही. आता तीन नळ्या आहेत, चौथीसाठी पाइप काढून ठेवलाय.

दारांचं माप कॅटलॉग बघून ठरवू नका. मी तसंच ठरवलं. मोठ्या रफ मॉवरचे पंख दुमडून तो आत जातो खरा, पण दोन्ही बाजूंना हातभर जागा उरते आणि रोज एक माणूस पुढे उभा राहून ‘ये, ये’ करतो. ग्राइंडिंगची खोली वेगळी केली ते मात्र उत्तम झालं, धूळ आणि ठिणग्या बाकीच्या शेडमध्ये येत नाहीत, आणि उत्तरेकडची खिडकी मेकॅनिकने हट्टाने घ्यायला लावली. रील बेडनाइफशी नीट जुळली का हे तो अजून कागदाची पट्टी घालूनच बघतो. पट्टी पूर्ण लांबीत स्वच्छ कापली गेली की यंत्र बाहेर. त्याला दिव्यापेक्षा खिडकीचा उजेड बरा वाटतो.

विजेवरची यंत्रं आज दोनच असली तरी चार्जिंगसाठी स्लॅबखालून रिकामे पाइप टाकून ठेवा, नंतर स्लॅब फोडणं परवडत नाही. लेड-ॲसिड बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, ती जागा कोंदट नको. ग्रीनवर पसरायची वाळू छपराखाली घेतली, ओली वाळू यंत्रातून नीट पडत नाही.

एक गोष्ट आराखड्यात धरायला मी विसरलोच. जाळीवर साठणारं गवत रोज काढावं लागतं, आणि हवा मारून झाडलेलं वेगळं. ते सगळं ठेवायचं कुठे, याचा विचारच केला नव्हता. सध्या त्याचा ढीग नव्या शेडच्या मोठ्या दारासमोर आहे, कंबरेएवढा, आतून गरम आणि सकाळी वाफाळणारा. त्याचं कंपोस्ट करायचं ठरलंय. त्या ढिगाला कुठला परवाना लागतो का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.