तिसरा खण

खणांचं जुनं कपाट दुरुस्तीला आलं की मी आधी त्याची पाठ बघतो. पुढची मूठ, पॉलिश, चकाकी कुणीतरी कधीतरी बदललेली असू शकते. मागच्या फळ्या आणि खणांची बुडं मात्र सहसा कुणी सजवत बसत नाही. खरं काय ते तिथे सापडतं.

त्या दिवशी आलेलं कपाट चार खणांचं होतं. सोबत सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आणि त्यांचा भाचा. तिसरा खण दोन महिन्यांपासून अडकून बसला होता. त्याआधी जुन्या फर्निचरच्या एका व्यापाऱ्याने तो उघडून बघितला होता आणि हा खण नवा आहे, म्हणजे सगळंच इकडचं तिकडचं जोडून जुनं म्हणून खपवलेलं आहे, असं सांगून गेला होता. भाचा म्हणाला, "खोटंच असेल तर घासून पांढरा रंग मारून द्या. निदान खोलीत शोभेल तरी." आत्या काही बोलल्या नाहीत. कपाटावर हात ठेवून उभ्या होत्या.

घासायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. शिकाऊ होतो तेव्हा अक्रोडाचं व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, लावलेलं एक कपाट मी मशीनने घासलं होतं. व्हिनिअर यंत्रावर कापलेलं, एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. बघता बघता खालचं फिकट लाकूड वर आलं, आणि तो डाग नंतर कशानेही झाकला गेला नाही. तेव्हापासून, लाकूड नीट वाचून झाल्याशिवाय मी त्याला पॉलिश पेपर लावत नाही.

पहिला खण काढून उलटा केला आणि टॉर्च आडवी धरली. आडव्या उजेडात बुडाच्या फळीवर उथळ लाटा दिसल्या. हे हातरंध्याचे पट्टे. तळवा फिरवला तरी कळतात. गोल करवतीने कापलेल्या लाकडावर कमानीसारखे ओरखडे राहतात, त्यातला एकही नव्हता. कोपऱ्यांवर डव्हटेल सांधे होते, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवलेले, हाताने कापलेले. एक दात किंचित रुंद, शेजारचा जरा अरुंद, आणि सुताराने मापासाठी मारलेली बारीक रेघ अजून तशीच. यंत्रावरचे दात सगळे सारखे येतात. मागच्या बाजूला बूड आणि खाच यांच्यामध्ये बोटभर फट पडली होती. भाच्याला ती खराबी वाटली. मी त्याला सांगितलं, की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून जाणता सुतार अख्ख्या लाकडाचं बूड खाचेत मोकळं सोडतो, सगळीकडून चिकटवत नाही. ते शंभर-दीडशे वर्षं आकसत राहतं आणि अशी फट पडते. ही फट काही कुणी एका रात्रीत पाडू शकत नाही.

आतून एक स्क्रू काढला. टोक बोथट, डोक्यावरची खाच मध्यापासून सरकलेली. टोकदार स्क्रू यंत्रावर बनायला लागले १८४० च्या दशकात. अर्थात एका स्क्रूवरून वय ठरवणं धोक्याचं, जुने स्क्रू नव्या कामातही वापरले जातात. पण इथे रंधा, सांधे, फट, स्क्रू सगळे एकच सांगत होते. मागे न दिसेल अशा जागी स्पिरिटचा बोळा टेकवला, तर पॉलिश चिकट झालं. म्हणजे लाखेचं पॉलिश.

दुसऱ्या खणाच्या बुडाखाली डाव्या अंगाला काळपट डाग होता. जुना मळ असेल म्हणून मी सोडून दिला. ते चुकलंच माझं.

आता अडकलेला खण. अशा वेळी मूठ धरून ओढायची नसते, मूठच हातात येते. बऱ्याच कपाटांत दोन खणांमध्ये फळी असते, इथे नव्हती. त्यामुळे दुसरा खण काढल्यावर वरूनच तिसऱ्यात हात घालता आला. आतले कपडे काढले आणि चाचपलं. बूड प्लायवुडचं होतं. तारेचे खिळे गंजून सुटले होते, पुढची कड खाली लोंबून आडव्या दांडीच्या मागे अडकत होती. एका हाताने बूड उचलून धरलं, दुसऱ्याने खण ओढला. आला.

व्यापाऱ्याचं अर्धं बरोबर होतं. खणाच्या बाजू, पाठ आणि बूड नवंच होतं. कुठेही डव्हटेल नाही, नुसते खिळे आणि सरस. पण दर्शनी फळी? तिच्या आतल्या बाजूला दोन्ही कडांशी जुन्या डव्हटेलच्या खाचा होत्या, लाकडाचे बारीक तुकडे बसवून बुजवलेल्या. मी पहिल्या खणाची फळी शेजारी उभी केली. खाचांची अंतरं तंतोतंत जुळली. फळी याच कपाटाची, त्याच हाताची. बाकीचा खण कशाने तरी गेला होता आणि कुणीतरी तो धीराने, पण सुतारकी न शिकता, नव्याने बनवला होता.

कशाने गेला, ते टॉर्च आत नेल्यावर कळलं. तिसऱ्या खणाच्या पोकळीत डावी बाजू हातभर जळलेली होती. कोळसा झालेलं लाकूड खरवडून काढलं होतं, तरी कडा काळ्याच होत्या. आणि बरोबर त्याच्या वर दुसऱ्या खणाच्या बुडाचा तो डाग येत होता.

"काकू, हे कधीतरी आतून पेटलं होतं," मी म्हणालो.

त्या खाली स्टुलावर बसल्या. बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "मी पेटवलं होतं. सहा वर्षांची होते."

रिकामा खण त्यांनी बाहुलीचं घर केला होता. घरात उजेड हवा म्हणून मेणबत्ती लावली. कुणाची तरी पावलं वाजली, तशी घाईत खण आत लोटला आणि पळाल्या. वडील रागावले नाहीत. रोज रात्री जेवण झालं की खण करायला बसायचे. त्यांना सुतारकाम येत नव्हतं. "मला वाटायचं, त्यांनी आतला डागही घालवला असेल," त्या म्हणाल्या. "व्यापारी खोटं म्हणाला तेव्हा मला सांगताच येईना."

भाच्याने रंगाचा विषय पुन्हा काढला नाही.

काम फारसं नव्हतंच. खण तोच ठेवला. गंजके खिळे काढले, बुडाखाली पातळ पट्ट्या लावून प्लायवुड वर उचललं, झिजलेल्या धावपट्ट्यांवर लाकडाची चीप चढवली आणि मेण चोळलं. सरस मुद्दाम जुन्याच जातीचा वापरला, म्हणजे पुढे कुणाला खोलायचा झाला तर गरम पाण्याने सुटेल. पॉलिशला हात लावला नाही, फक्त मळ पुसला. भिंतीला बांधायचा पट्टा मात्र आग्रहाने दिला. दोन-तीन भरलेले खण एकदम उघडले, की असं कपाट पुढे कोसळू शकतं.

न्यायला आले तेव्हा मी विचारलं, आतला जळका भाग साफ करून लाख मारू का?

"नको," आत्या म्हणाल्या.

भाच्याने खण पूर्ण बाहेर काढला, वाकून पोकळीत हात घातला आणि ती कड चाचपून पाहिली. हात बाहेर आला तेव्हा बोटांना काळं लागलं होतं. त्याने ते आत्याला दाखवलं.