चिखलाचा लेप

मे महिना संपत आला होता. आदल्या संध्याकाळी वळवानं बेळगावला झोडपून काढलं होतं, आणि सकाळी ऊन असं पडलं होतं की जणू पाऊस झालाच नाही. येळ्ळूर रस्त्याच्या अंगाला एका नव्या लेआउटमध्ये आमचं ड्रेनेज लाईनचं काम चालू होतं. मी साइट इंजिनिअर, आणि आमचे शेठ छोटे कंत्राटदार असल्यामुळं दर काढणं, खरेदी, मजुरांचा हिशेब, सगळं माझ्याच टेबलावर. चर पावणेतीन मीटर खोल, वरून जेमतेम सव्वा मीटर रुंद. कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ उभ्या.

खानापूरच्या बाजूला गेलात तर तांबडी माती. पण शहापूर, वडगाव, येळ्ळूरचं शिवार काळ्या जमिनीचं, भातासाठी नावाजलेलं. ही माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगाळते. पहिला पाऊस त्या भेगांतून थेट आत उतरतो. वरून दोन तासांत वाळलेली दिसते, आत मात्र ओली होऊन फुगत असते. शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. मी पुस्तकात शिकलो होतो, आणि त्या दिवशी ते माझ्या कामाला आलं नाही.

आमचे मुकादम येळ्ळूरचेच. त्यांना सगळे मामा म्हणतात. तरुणपणी त्यांनी विहिरी खोदल्या आहेत. साडेआठला मला हाक मारली, "सायेब, हिकडं या जरा." चराच्या कडेपासून दीड फूट आत, चराला समांतर, चार-पाच मीटर लांब एक भेग होती. रुपयाचं नाणं उभं आत जाईल एवढी. मामांनी पिंपाजवळचा ओला चिखल बोटावर घेतला आणि भेगेवर आडवा फासला. तीन ठिकाणी, अंगठ्याएवढे तीन लेप. "ह्यो फाटला की समजायचं, जमीन चालाय लागली. आज आत कुणाला उतरवू नका बगा."

मी ते ऐकलं. तरीही काम थांबवलं नाही. पाइपांचा ट्रक गेटवर उभा होता, महिनाअखेरचं बिल अडकलं होतं. चराला लागूनच उपसलेल्या मातीचा ढीग, त्याच्या पलीकडं जेसीबी घरघरत होता. मी मामांना म्हणालो, "दुपारपर्यंत एवढे दोन जोड होऊ देत." हे वाक्य मला अक्षरशः आठवतं, कारण त्यानंतर अनेक रात्री ते मी पुन्हा पुन्हा ऐकलंय.

साडेदहाला मामा ओरडले, "लेप फाटला ओ! वर या, वर या!" आत दोघं होते. एक खानापूर भागातला, तो ऐकल्याबरोबर शिडीकडं पळाला. दुसरा यादगीरकडचा पोरगा, आमच्याकडं येऊन आठवडाच झालेला. तो पाठमोरा बसून पाइपाचा जोड घासत होता. वर जेसीबीचा आवाज, त्यात मराठी हाक. त्याला वाटलं, नेहमीसारखी मामांची कुणावर तरी ओरड चालली असेल. मग वरून एका बाईनं कन्नडमध्ये जीव तोडून हाक दिली, "म्याले बा, लगूना!" वर ये, लवकर. तेव्हा तो उठला. शिडी त्याच्यापासून पन्नास मीटरवर होती. चार पावलं टाकली असतील.

आवाज मोठा नव्हता. ओलं पोतं जमिनीवर टाकल्यावर होतो तसा, धप्प. धुरळाही उडाला नाही. पोरगा छातीपर्यंत गाडला गेला होता आणि आमच्याकडं वर बघत होता.

जेसीबीवाला बकेट घेऊन धावला. मामा हात आडवे करून त्याच्यासमोर उभे राहिले आणि आधी इंजिन बंद करायला लावलं. यंत्राचा हादरा बसला असता तर दुसरी कड आली असती. आत उडी मारू बघणाऱ्या चौघांना मी अडवलं. चरात एक माणूस गाडला की त्याला काढायला उतरलेलाही गाडला जातो, हे निदान त्या क्षणी मला आठवलं. दोरीनं ओढणंही चालत नाही, कंबर आणि मणका जातो. ओली माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते, आणि छातीभोवती ती प्रत्येक श्वास सोडताना आणखी आवळत जाते.

शेजारी एका बंगल्याचं स्लॅबचं काम चालू होतं. तिथून सेंट्रिंगच्या फळ्या आणि बल्ल्या आणल्या. दोन्ही कडांना फळ्या उभ्या लावल्या, मधे बल्ल्या आडव्या ठोकून घट्ट केल्या, मगच माणसं आत उतरवली. खोरं नाही, टिकाव नाही. हातांनी आणि घमेल्यांनी माती काढली. पन्नास मिनिटं लागली. तेवढ्या वेळात पोरगा एकच शब्द बोलत होता, "सार, कालु." पाय. तो बाहेर आला तेव्हा १०८ ची गाडी गेटवर उभी होती. खुबा आणि मांडीचं हाड मोडलं होतं. जगला. पाच महिन्यांनी गावाकडं गेला, आता शेळ्या राखतो. खड्ड्यात उतरायचं काम त्याच्याकडून पुन्हा होणार नाही.

फळ्या-बल्ल्यांचा तो आधार उभा करायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली होती. बारा दिवस चर उघडा होता आणि ती पंधरा मिनिटं आम्ही काढली नव्हती.

त्या रात्री मी कामाचा करार उघडून बसलो. खोदाईची ओळ अशी होती: सर्व प्रकारच्या मातीत, सर्व खोलीपर्यंत खोदाई, आवश्यक तेथे आधार देणे व पाणी उपसणे यांसह, पूर्ण. या सगळ्याला घनमीटरमागं एकच दर. ही ओळ आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं शेकडो वेळा वाचलेली आहे. तिचा अर्थ असा, की आधार दिला तरी तेवढेच पैसे, नाही दिला तरी तेवढेच. तीन कंत्राटदारांनी दर भरले असतील, आणि एकानं फळ्यांचा खर्च धरला असेल, तर काम त्याला मिळणारच नाही. काम आम्हाला मिळालं, कारण आमचा दर सर्वांत कमी होता. आणि तो कमी होता, कारण मी तो आधाराचा एक रुपयाही न धरता काढला होता. काम देणाऱ्या मालकानं नव्हे, शेठनं नव्हे. मी.

हे सगळं नियमात नाही असंही नाही. दीड मीटरपेक्षा खोल चराच्या कडा उतरत्या करा किंवा त्यांना आधार द्या. उपसलेली माती कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यांतलं जे जास्त असेल तेवढी लांब टाका. दर तीस मीटरला एक शिडी, आणि ती वर तीन फूट बाहेर आलेली. सरकारी कंत्राटांच्या सुरक्षा नियमावलीत हे किती तरी वर्षं छापलेलं आहे. आमचा ढीग कडेलाच होता, शिडी एकच होती. नियम पाठ असून काय उपयोग, त्याला पैसे कुठून येणार हे ठरलेलं नसेल तर? केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची मी पुन्हा चाळली, तर त्यात चराला फळ्यांचा आधार ही स्वतंत्र बाब आहे. खोलीनुसार वेगळा दर, आणि माप चौरस मीटरमध्ये, जेवढी कड झाकली तेवढं. म्हणजे वाट तयारच होती. खासगी कामांत आम्ही ती गुंडाळून 'यांसह, पूर्ण' मध्ये कोंबतो.

तेव्हापासून मी दर भरताना ती ओळ वेगळी काढतो. शिड्या, कठडे, मजुरांची पादत्राणं आणि हेल्मेटंही वेगळी. हेल्मेट आयएसआय मार्कचंच असं लिहून देतो, नाहीतर रस्त्यावर मिळणारी पातळ प्लास्टिकची टोपी येते. दोन कामं यामुळं हातची गेली. शेठ नाराज झाले. मी त्यांना सांगितलं, सगळ्यांना हीच ओळ भरायला लावणं मालकाच्या हातात आहे, आपण ती मालकाच्या कागदावर आणू या. तिसऱ्या मालकाला मी निविदा काढायच्या आधीच भेटलो आणि ओळ तिथंच घालून घेतली. मग तिघांनीही तिचे दर भरले, आणि तुलना खरी झाली. जे मापात येतं त्याचं बिल होतं, आणि ज्याचं बिल होतं ते साइटवर दिसतं.

हाकेचंही तसंच. आमच्या साइटवर मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही चालतात, आणि फलक इंग्रजीत लागलेला असतो. त्या पोराला त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं. आता सकाळी कामाच्या आधी मामा मराठीत आणि ती ओरडलेली बाई कन्नडमध्ये पाच मिनिटं बोलतात, आणि धोक्याला शिट्टी आहे. तीन लांब शिट्ट्या म्हणजे हातातलं टाकून वर. शिट्टीला भाषा लागत नाही.

एक गोष्ट मला अजून सलते. पोराची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी नव्हती. तेव्हाच्या १९९६ च्या कायद्याप्रमाणं वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या मजुराला ती करता येत होती, आणि त्यासाठी बांधकाम खर्चाचा एक टक्का उपकरही गोळा होत होता. पण नव्वद दिवसांचा दाखला कुणी द्यायचा? तो चार महिन्यांत तीन साइटी फिरलेला, आणि कुणीच कागद दिलेला नाही. आता माझ्याकडं एक दिवस जरी काम केलं तरी तेवढ्या दिवसांचा सहीचा कागद मी जाताना हातात देतो.

सध्या आमचं काम खानापूर रस्त्याला आहे. चर तीन मीटर, दोन्ही कडांना भाड्यानं आणलेल्या लोखंडी प्लेटा, तरी मामा रोज सकाळी कडेनं फिरतात आणि दिसेल त्या भेगेवर बोटानं चिखल फासतात. गेल्या मंगळवारी अकराच्या सुमारास शिट्टी झाली. सगळे वर आले. कड आली नाही. दुपारी एकपर्यंत आम्ही प्लेटांच्या मागची पोकळी भरून घेतली, मग काम पुन्हा सुरू केलं. मजुरी कुणाची कापली नाही. संध्याकाळी मालकाच्या माणसानं विचारलं, दोन तास काय झालं होतं? मी साइट डायरी त्याच्यापुढं सरकवली. त्यात लिहिलं होतं: ११ ते १ काम बंद. कारण, लेप फाटला.