तपकिरी गाठ आणि ३० मिनिटं

जुलैचा मंगळवार होता. रात्रभर पाऊस झाला होता, हिंदमाताला पाणी भरलं होतं आणि निम्मा स्टाफ दादर स्टेशनवरून चालत आला होता. ऑपरेशनच्या यादीत तिसरी केस अशी लिहिलेली: उजव्या वृषणात १३ मिलिमीटरची गाठ, जांघेतून शस्त्रक्रिया, फ्रोझन सेक्शन (ताजा तुकडा गोठवून, कापून लगेच तपासणं), शक्य असल्यास वृषण राखणे, नाहीतर काढणे. यातलं ‘शक्य असल्यास’ की ‘नाहीतर’ हे पॅथॉलॉजीने, म्हणजे आम्ही, सांगायचं असतं, तेही माणूस भुलीखाली आणि वृषणाचा रक्तपुरवठा थांबवलेला असताना.

रुग्ण ३४ वर्षांचा. लग्नाला चार वर्षं होऊन मूल नाही म्हणून तपासण्या सुरू झालेल्या. दोन्ही बाजूंची छाती दीड वर्षापासून वाढत होती आणि दुखत होती. आधी एका ठिकाणी ती चरबी समजून लायपोसक्शनचा सल्ला दिला गेला होता. स्तनाग्राखाली बोटाने चाचपलं की चरबी मऊ, सैल लागते. ग्रंथी वाढलेली असेल तर रबरी चकतीसारखी घट्ट आणि दुखरी लागते. ही चकती होती. पुरुषाची छाती अशी दुखून वाढत असेल तर त्याच भेटीत दोन्ही वृषणं तपासायला हवीत आणि हाताला काही लागलं नाही तरी सोनोग्राफी करायला हवी. या माणसाची गाठ हाताला लागतच नव्हती, सोनोग्राफीत दिसली: गडद, काठ स्वच्छ, कडेने रक्तवाहिन्यांचं कडं.

कागदांवरचे आकडे एकमेकांना धरून होते. टेस्टोस्टेरॉन २१०, म्हणजे कमी. इस्ट्राडिओल ६८, म्हणजे पुरुषासाठी जास्त. एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषणाला कामाचा आदेश देणारे पिट्युटरीचे हॉर्मोन, दोन्ही १ च्या खाली दबलेले. शुक्राणू मिलिलिटरला ४० लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. लेडिग पेशी म्हणजे वृषणातल्या टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी. त्यांची गाठ इस्ट्रोजेन बनवू शकते, ते इस्ट्रोजेन मेंदूतल्या पिट्युटरीला गप्प बसवतं, पिट्युटरी गप्प बसली की निरोगी वृषणालाही काम करण्याचा आदेश मिळत नाही. म्हणून एका बाजूच्या १३ मिलिमीटरच्या गाठीने दोन्ही वृषणांचं काम मंदावतं. असं चित्र एचसीजी हे हॉर्मोन बनवणाऱ्या जर्म पेशींच्या (शुक्राणूंच्या मूळ पेशींच्या) कॅन्सरमध्येही दिसू शकतं, म्हणून बीटा-एचसीजी आधी पाहायचं. इथे ते, एएफपी आणि एलडीएच, हे कॅन्सरचे रक्तातले तिन्ही मार्कर नॉर्मल होते. मार्कर नॉर्मल आले की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण सेमिनोमासारख्या जर्म पेशींच्या कॅन्सरमध्येही मार्कर पुष्कळदा नॉर्मलच असतात. गाठ कसली हे या आकड्यांवरून ठरत नाही.

फाइलमध्ये एक जुनी चिठ्ठी होती: ‘वृषणकोशातून सुई घालून तपासणी करावी.’ ती झाली नव्हती, हे फार बरं झालं. वृषणाची लसीका (लिम्फ) पोटात मागच्या बाजूला, महारोहिणीच्या शेजारच्या गाठींकडे जाते. वृषणकोशाच्या कातडीची लसीका जांघेतल्या गाठींकडे जाते. सुई कातडीतून गेली आणि गाठ कॅन्सरची निघाली, तर रोगाला एक नवी वाट मिळू शकते आणि मग नेहमीच्या हिशोबाने उपचार आखता येत नाहीत. शिवाय सुईत आलेल्या मूठभर पेशींवरून लेडिग, सेर्टोली (शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशी) आणि सेमिनोमा यांच्यात खात्रीने बोलणं अवघड. म्हणून वृषणातल्या गाठीकडे जायचं ते नेहमी जांघेतून.

आदल्या दिवशी मी सर्जनना फोन करून एकच विचारलं होतं, “१७-ओएच प्रोजेस्टेरॉन केलंय का?” केलं होतं, नॉर्मल होतं. हा प्रश्न मी लेडिगची शंका असलेल्या प्रत्येक केसला विचारते. जन्मजात अधिवृक्क (अॅड्रिनल ग्रंथीच्या) विकारात, जो या तपासणीत कळतो, वृषणात अधिवृक्काच्या पेशींचे गोळे वाढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते लेडिगच्या गाठीसारखेच दिसतात. ते बहुतेक दोन्ही बाजूंना असतात, वृषणाच्या मध्यभागी नलिकांच्या जाळीजवळ बसतात, आणि त्यांचा उपचार स्टिरॉइडच्या गोळ्या हा आहे. रक्ताची एक तपासणी राहून गेली म्हणून तरुण मुलाची दोन्ही वृषणं निघाली, तर ते नुकसान परत भरून येत नाही. काच बघून मी एकटी हा फरक हमखास सांगू शकत नाही. मला तो रक्ताचा आकडा हातात लागतो.

शस्त्रक्रियेआधी छाती-पोटाचा सीटी स्कॅन स्वच्छ आला होता. शुक्राणू गोठवून ठेवले होते, मोजके असले तरी. संमतिपत्रात दोन्ही शक्यता लिहिल्या होत्या, आणि पत्नीला सोबत बसवून सर्जननी मराठीत समजावलं होतं की जाग आल्यावर वृषण असेल किंवा नसेल. दादरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये हीच शस्त्रक्रिया निम्म्या खर्चात होत होती. पण तिथे क्रायोस्टॅट, म्हणजे तुकडा गोठवून कापायचं यंत्र, नव्हता, आणि भरलेल्या परळमधून टॅक्सीने नमुना मागवून उत्तर कळवायला तास लागला असता. वृषणाचा रक्तपुरवठा ३० मिनिटांपलीकडे अडवून ठेवू नये, असा आमच्याकडे दंडक आहे. फ्रोझनचं यंत्र आणि ऑपरेशन थिएटर एकाच इमारतीत हवं, ते यासाठी.

सकाळी आल्या आल्या क्रायोस्टॅटचं तापमान पाहिलं. उणे २० हवं होतं, उणे १४ दाखवत होतं. रात्री झाकण नीट बसलं नव्हतं आणि पावसाळी हवेने आत हिम धरला होता. असा कप्पा असेल तर तुकडा सावकाश गोठतो, पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशीद्रव्यात खोट्या पोकळ्या दिसतात. वृषणाच्या बाबतीत ही खोटी पोकळी घातक: सेमिनोमाच्या पेशी मुळातच फिकट, पोकळ दिसतात. टेक्निशियनने हिम काढला, सुरी बदलली, यंत्र खाली यायला पाऊण तास दिला. दुसऱ्या केसचा कोलनचा तुकडा आधी कापून सेक्शन नीट येतात हे पाहून घेतलं.

थिएटरमध्ये क्रम ठरलेला असतो आणि तो मोडायचा नसतो. जांघेत ५ ते ६ सेंटिमीटरचा छेद, एक्स्टर्नल ऑब्लिक या पोटाच्या स्नायूचा पडदा उघडणं, त्याखालची इलिओइंग्वायनल नर्व्ह सांभाळून बाजूला घेणं, कॉर्ड (वृषणाच्या रक्तवाहिन्या असलेली दोरी) मोकळी करून आतल्या रिंगजवळ मऊ रबरी नळीचा फास. फास बसल्यावरच वृषण वर ओढायचं. आधी ओढाताण झाली तर सुटलेल्या पेशींना शिरेतून वर जायची वाट उघडी राहते. वृषण बाहेर आलं की भोवती कापडं लावून जखम वेगळी करायची आणि सलाइनच्या चुऱ्या बर्फात वृषण ठेवायचं. गाठ हाताला लागत नसल्याने टेबलावरच निर्जंतुक आवरणातला सोनोग्राफीचा प्रोब फिरवून जागा पक्की केली, तिथे आवरणाला रक्तवाहिन्या टाळून आडवी चीर दिली आणि भोवतीच्या, शुक्राणू बनवणाऱ्या नलिकांची पातळ किनार ठेवून गाठ सोलून काढली.

फास ११:४२ ला बसला. ११:५० ला वॉर्डबॉय मामा नमुना घेऊन जिना उतरून धावत आले. दोन डब्या: एकीत गाठ, दुसरीत शेजारच्या वृषणाचे दोन बारीक तुकडे. दोन्ही सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये. आदल्या महिन्यात एक नमुना फॉर्मेलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या रसायनात) बुडवून आला होता आणि फ्रोझन करताच आलं नव्हतं, कारण फॉर्मेलिनमधला तुकडा नीट गोठत नाही, सेक्शन काचेवरून सुटतात. तेव्हापासून यादीत ‘फ्रोझन’ दिसलं की सिस्टरना सकाळीच फोन करते: फॉर्मेलिनची बाटली ट्रॉलीवरून दूर ठेवा.

गाठ १३ × ११ × १० मिलिमीटर. बाहेरच्या पृष्ठभागाला निळी शाई लावली, कारण नंतर काठ कुठला हे शाईवरूनच कळतं. मधोमध कापली. आतला रंग सोनेरी तपकिरी, एकसारखा, कुठे रक्तस्राव नाही, कुजलेला भाग नाही. सेमिनोमा कापला की मलईसारखा फिकट पांढुरका दिसतो. एम्ब्रायोनल कार्सिनोमा, जर्म पेशींचाच दुसरा कॅन्सर, रक्ताळलेला, ठिकठिकाणी वेगळ्या रंगाचा. रंगावरून कल मिळतो, निदान मिळत नाही. तपकिरी रंग लेडिगचा खरा, पण अधिवृक्काच्या गोळ्यांचाही तोच.

ताज्या पृष्ठभागावर दोन काचा टेकवून ठसे घेतले. एक हवेत सुकवली, टोल्युइडिन ब्लू या रंगासाठी; दुसरी लगेच अल्कोहोलमध्ये. गाठीचा निम्मा भाग गोठवायचा नाही, तो पक्क्या अहवालासाठी फॉर्मेलिनमध्ये जातो. गाठ लहान असली की सगळीच गोठवायचा मोह होतो, आणि मग पॅराफिनला, म्हणजे मेणाच्या ठोकळ्यासाठी, बिघडलेला ऊतक उरतो. राहिलेल्या अर्ध्यातून ३ मिलिमीटरचा काप चकवर (यंत्रातल्या धातूच्या बैठकीवर) जेलमध्ये बसवला, ५ मायक्रॉनचे सेक्शन, झटपट हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचे रंग. शेजारच्या वृषणाचा एक तुकडा दुसऱ्या चकवर.

१२:०३ ला काच माझ्यासमोर आली. मोठ्या बहुकोनी पेशींचे सलग पट्टे, पेशीद्रव्य भरपूर, गुलाबी, दाणेदार. केंद्रक गोल, मधोमध ठसठशीत न्यूक्लिओलस. मध्ये बारीक रक्तवाहिन्या. लसीकापेशींनी भरलेले पडदे नाहीत, ग्रॅन्युलोमा नाही, म्हणजे सेमिनोमाची बाजू पडली. चुन्याचे मोठे खडे नाहीत, म्हणून चुना धरणाऱ्या सेर्टोली गाठीचा विचार मागे गेला. ठशाच्या काचेवर पेशी सुट्या, स्वच्छ, गोठण्याच्या खुणांशिवाय दिसतात, म्हणून ती काच मी फ्रोझनइतकीच गंभीरपणे पाहते. अल्कोहोलवाल्या काचेत तीन पेशींमध्ये लांबट, टोकं बोथट असलेले गुलाबी दांडे होते: रायन्केचे स्फटिक. फ्रान्झ लेडिगने १८५० मध्ये या पेशी दाखवल्या आणि रायन्केने १८९६ मध्ये त्यांच्यातले स्फटिक. साधारण एक तृतीयांश गाठींतच ते सापडतात आणि फॉर्मेलिनमध्ये विरघळून जाऊ शकतात, म्हणून ताजा ठसा घ्यायचा. अधिवृक्काच्या गोळ्यांत ते नसतात.

१२:०७ ला थिएटरला फोन लावला. स्पीकरवर सर्जन. मी म्हटलं, “सेक्स कॉर्ड-स्ट्रोमल गाठ, लेडिग पेशींची. जर्म पेशींची गाठ दिसत नाही. शेजारच्या नलिकांत या सेक्शनमध्ये काही संशयास्पद नाही. घातक की सौम्य हे फ्रोझनवर सांगत नाही.” त्यांनी माझं वाक्य परत म्हणून दाखवलं. हे परत म्हणणं आमच्याकडे सक्तीचं आहे, कारण फोनवर ‘दिसत नाही’मधलं ‘नाही’ एकदा जरी हरवलं तरी अवयव जातो. वृषणाच्या आवरणाला विरघळणाऱ्या ४-० धाग्याने टाके, मग फास मोकळा. रंग परत येईपर्यंत सगळे थांबले, मग वृषण जागेवर. एकूण अडवणूक २९ मिनिटं.

रुग्ण साठीपुढचा असता तर फ्रोझनआधी माझ्या मनात लिम्फोमा (लसीकापेशींचा कॅन्सर) पहिला आला असता आणि ताज्या ऊतकाचा एक भाग फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशी एकेक करून ओळखणाऱ्या तपासणीसाठी) बाजूला काढला असता. लहान मुलगा असता, पाच ते दहा वर्षांचा, तर छातीऐवजी वेळेआधी फुटलेली मिसरूड आणि झपाट्याने वाढलेली उंची घेऊन आला असता. त्या वयातल्या लेडिग गाठी सौम्यच असतात.

पक्का अहवाल पाच दिवसांनी गेला. उरलेली सगळी गाठ पॅराफिनमध्ये घातली, एवढ्या लहान गाठीत निवडून तुकडे घेण्याला अर्थ नाही. लेडिग पेशींच्या खुणा, इनहिबिन, कॅलरेटिनिन, मेलन-ए, तिन्ही पॉझिटिव्ह. जर्म पेशींच्या खुणा, सॉल-४ आणि ओसीटी-३/४, निगेटिव्ह. शेजारच्या नलिकांवरही ओसीटी-३/४ केलं, कारण कॅन्सरच्या आधीची अवस्था फ्रोझनवर सहज निसटते, तिथेही निगेटिव्ह. मग घातकपणाचे निकष एकेक करून: आकार ५ सेंटिमीटरच्या वर, ४० च्या भिंगाखाली १० फील्डमध्ये ३ पेक्षा जास्त पेशी-विभाजनं, कुजलेला भाग, रक्तवाहिनीत शिरकाव, शेजारी घुसणारा काठ, केंद्रकांचा ठळक विद्रूपपणा. एकही नव्हता. विभाजन एकच सापडलं, तेही मी आणि सहकाऱ्याने वेगवेगळं मोजून. या मोजणीत घाई करत नाही, कारण प्रौढांतल्या दहातल्या एखाद्या लेडिग गाठीचं वर्तन घातक असतं, आणि ती पसरली तर केमोथेरपी किंवा रेडिएशन तिच्यावर फारसं चालत नाही. हातात राहते ती पोटातल्या लसीकागाठी काढण्याची शस्त्रक्रिया. घातक निकष असते तर राखलेलं वृषणही काढावं लागलं असतं.

तीन महिन्यांनी तो अहवालाची प्रत घ्यायला आला, पत्नीही सोबत होती. एलएच ३.८, टेस्टोस्टेरॉन ४४०, इस्ट्राडिओल मर्यादेत. छाती दुखायची थांबली होती, चकती मात्र थोडी होती. वर्षाहून जुनी चकती तंतुमय होते आणि ती आपोआप पूर्ण जिरेलच असं नाही, गरज पडली तर नंतर काढता येते. शुक्राणूंची तपासणी पुढच्या महिन्यात होती, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात आणि पिट्युटरी जागी व्हायला त्याआधीचा वेळ जातो. सोनोग्राफी आणि हॉर्मोन दर सहा महिन्यांनी.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हणून त्यांनी स्लाइड आणि ब्लॉक मागितले. मी चार स्लाइड, दोन ब्लॉक आणि अहवाल पाकिटात घालून वहीत सही घेतली. ठशाची काच दिली नाही, ती एकच आहे आणि तिच्यावरचे स्फटिक पुन्हा मिळायचे नाहीत. तिचा फोटो छापून दिला. पत्नीने विचारलं, “मॅडम, हे फ्रिजमध्ये ठेवायचं का?” म्हटलं, “नको, कपाटात ठेवा. फक्त उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.”