ए.कु.मॅ., अ.पा.क., पो.ख. : वारस नोंदीआधी वाचलेला सातबारा

देवगडकडच्या आमच्या कलमांच्या बागेची वारस नोंद करायची ठरली, तेव्हा अर्जाला हात लावण्याआधी मी सातबारा आणि त्यावर लिहिलेल्या नंबरांचे जुने फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, काढले. नोंद अडते ती बहुतेकदा नावापुढच्या दोन-तीन अक्षरांवर.

क्षेत्र 0.12.50 असं छापलेलं असतं. म्हणजे 0 हेक्टर, 12 आर, 50 चौरस मीटर. आर म्हणजे गुंठा नव्हे: आर 100 चौरस मीटरचा, गुंठा 101.17 चा. ‘पो.ख.’ म्हणजे पोटखराबा, लागवडीला न येणारं क्षेत्र. आपल्याकडे सड्यावरच्या कातळामुळे तो बराच निघतो. ‘क.जा.प.’ म्हणजे कमी-जास्त पत्रक, मोजणीनंतर क्षेत्र बदलल्याचा कागद.

खरी मेख ‘ए.कु.मॅ.’मध्ये आहे. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव कुटुंबाच्या वतीने लागलेलं असतं, जमीन मात्र सगळ्या भावांची. तो वारला की त्याचीच मुलं वारस म्हणून लागतात आणि धाकट्यांची शाखा कागदावरून पुसली जाते. पुढे दिवाणी दाव्यात वर्षं जातात. म्हणून आधी नाव मुळात कसं लागलं तो फेरफार शोधावा, वंशावळ प्रतिज्ञापत्रावर करावी आणि सगळ्या शाखांनी मिळून ए.कु.मॅ. शेरा कमी करून सर्वांची नावं लावण्याचा अर्ज द्यावा. सह्यांसाठी गणपतीचे दिवस सोडू नयेत, मुंबईकर तेव्हाच एकत्र सापडतात. लग्न झालेल्या बहिणींची नावं गाळणं हा अन्याय आहे आणि कायद्यालाही धरून नाही. हक्क सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, साध्या संमतीपत्राने काम होत नाही.

‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मालक लहान असताना काकाचं किंवा आईचं नाव पालक म्हणून असतं. मूल 18 वर्षांचं झालं की वयाचा पुरावा देऊन तो शेरा काढायचा. पालक वारला म्हणून त्याचे वारस लावायचे नसतात, तो मालक नव्हताच.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘कु.का.क. 43’, म्हणजे कुळकायदा कलम 43, दिसलं तर जमीन कुळकायद्याने मिळालेली आहे. वारस नोंदीला त्याची आडकाठी नाही, विक्रीला आहे. 2014 च्या दुरुस्तीनंतर, कुळाने केलेल्या खरेदीला 10 वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या शेतसाऱ्याच्या, 40 पट नजराणा सरकारात भरून विकता येते.

वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर किंवा तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. सोबत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांचं प्रतिज्ञापत्र. पत्ते सध्याचे द्यावेत. नोटीस बंद घरावर चिकटली तरी हरकतीचे 15 दिवस धावतातच. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. निर्णय चुकीचा वाटला तर प्रांताधिकाऱ्याकडे 60 दिवसांत अपील.

मंजुरीनंतर नवा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा) दोन्ही काढून नावं आधारकार्डाशी ताडून पाहावीत. लिहिण्यातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज लगेच द्यावा, कर्जाच्या किंवा खरेदीच्या वेळेपर्यंत थांबू नये.