एनएची नोंदवही: गियरचा दांडा सुधारला, आणि एक सकाळ एनडीसोबत

गाडी तीच. 1990 ची माझ्दा मियाटा, दोन आसनांची छोटी उघडी स्पोर्ट्स कार; तिच्या पहिल्या पिढीला ‘एनए’ म्हणतात. 1.6 लिटरचं इंजिन, पाच गियर, पॉवर स्टेअरिंग नाही, एबीएस नाही. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की लांब फेरी झाली की गियरच्या दांड्याभोवतून गरम हवा अंगावर येते आणि दुसरा गियर घट्ट पिठल्यात पळी फिरवल्यासारखा पडतो. दोन्हीचं मूळ एकाच जागी निघालं.

मधला कन्सोल काढला. वरच्या रबराचे चार बोल्ट सोडवले आणि खालचं रबर हातात आलं ते दोन तुकड्यांत. पस्तीस वर्षांचं रबर, त्याला काय बोलणार! आणखी तीन 10 मिमीचे बोल्ट काढले, दांडा सरळ वर उचलला आणि आत टॉर्च मारला. जिथे तेल असायला हवं तिथे तळाशी नुसता काळा चिकटा. या पाच गियरवाल्या गियरबॉक्समध्ये दांड्याच्या बुडाशी तेलाची वेगळी वाटी असते. खालून गियर ऑइल कितीही वेळा बदला, ही वाटी कोरडीच राहते. ज्यांच्याकडे एनए आहे त्यांनी हे एकदा तरी उघडून बघाच.

चिकटा पुसून काढला, दांड्याच्या टोकाला नवी नायलॉनची टोपी बसवली, दोन्ही रबरं बदलली आणि सिरिंजने सुमारे 80 मिली गियर ऑइल सोडलं. शनिवारची दुपार गेली, पण संध्याकाळी गॅरेजमध्ये इंजिन बंद ठेवून मी नुसता पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत बसलो होतो. दांडा खाचेत बसताना तळहाताला बारीकसा टक लागतो. गाडी घेतल्यापासून तो मला कधी लागलाच नव्हता.

रविवारी पहाटे साराटोगाहून हायवे 9 ने वर. इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या बे एरियातला हा आमचा घाट: रेडवुडची दाट सावली, ओला पाला, आणि डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन रस्त्याला पोचेपर्यंत सुमारे 2,600 फुटांची उंची. मित्र त्याची 2019 ची एनडी, म्हणजे मियाटाची चौथी पिढी, घेऊन आला होता. वर पोचल्यावर आम्ही किल्ल्या बदलल्या.

कागदावर तुलनाच नाही. माझी 116 हॉर्सपॉवर, त्याची 181. माझी लाल रेघ, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांची मर्यादा, 7,000 आरपीएमवर, त्याची 7,500 वर. वजनात मात्र जेमतेम 70 किलोंचा फरक, आणि याचं मला खरंच कौतुक वाटतं. एअरबॅगा, स्थिरतेची यंत्रणा, मजबूत सांगाडा हे सगळं घालूनही तीस वर्षांनंतरची गाडी इतकी हलकी राहिली, म्हणजे कुणीतरी ग्रॅम-ग्रॅम मोजलेला आहे. एनडीचा गियर माझ्या नव्या टोपीवाल्या गियरपेक्षाही चोख पडतो, हे मान्य करायलाच हवं. इंजिन वर चढतं तेही कसं! 2018 पर्यंतच्या एनडीत ही चढण 6,800 लाच संपायची. 2019 चं इंजिन तिथून पुढे आणखी दम धरतं.

मग उणं काय? स्टेअरिंग सरळ असतानाचे पहिले काही अंश. एनडीत तिथे शांतता आहे. गाडी वळते, अचूक वळते, पण पुढच्या चाकांखाली काय चाललंय ते वेग वाढवून टायरवर भार टाकेपर्यंत हाताला कळत नाही. माझ्या गाडीत ताशी 30 मैलांनाच सगळं कळतं: डांबराचा सांधा, रस्त्याचा बाहेरचा उतार, पिवळ्या पट्टीवरचा रंगाचा थर, पाल्यावर चाक गेलं की क्षणभर हलकं पडणारं स्टेअरिंगचं चक्र. वळणात ते जड होत जातं, आणि टायर सुटायच्या आधी पुन्हा हलकं होतं. ते हलकं होणं म्हणजे सूचना असते. वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीत मी गाडी शिकलो, तिचंही चक्र असंच हाताशी बोलायचं. पार्किंगमध्ये घाम काढायची ते वेगळं.

पण एक समज मला सोडावा लागला. आजवर मी गियरचा ढिलेपणा, मागच्या बाजूचा डोल, खड्ड्यावरची थरथर हे सगळं ‘जुन्या गाडीची मजा’ या खात्यात जमा करत होतो. दांडा सुधारल्यावर गाडीची गंमत कमी झाली नाही, उलट वाढली. म्हणजे तो ढिलेपणा नुसती झीज होती. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जी गाडी लोकांसमोर आली ती अशी ढिली नक्कीच नव्हती. नवी एनडी चालवताना माझी एनए नवी असताना कशी असेल याचा अंदाज आला, आणि हे मला फार मोलाचं वाटलं.

परतीला हायवेवर मात्र एनडीचा हेवा वाटला. 65 मैलांना माझं इंजिन पाचव्या गियरमध्ये साधारण 3,400 आरपीएमवर ओरडत असतं, कापडी छतातून वारा शिरतो, आणि मित्र शेजारच्या लेनमध्ये फोनवर निवांत गप्पा मारत होता.

पुढचं काम ठरलं: सस्पेन्शनची सगळी रबरी बुशं, म्हणजे सांध्यांत बसणारी रबराची नळकांडी. चारही कोपऱ्यांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आडवे हात, त्यामुळे संख्या बरीच आहे. जास्त कडक पॉलियुरेथेनच्या बुशांचा मोह होतोय, पण रबरच घालणार. मूळ चाल कशी होती ते मला आधी बघायचंय. त्याआधी स्मॉग चेक, म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी, आहे, म्हणून ऑक्सिजन सेन्सर आणि प्लग याच आठवड्यात. जुनी बुशं प्रेसशिवाय काढायची खात्रीची युक्ती कुणाकडे असेल तर सांगा. मागच्या खालच्या विशबोनचा लांब बोल्ट गंजून बसलाय आणि त्याची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे.