क्वेडलिनबुर्ग: बायकांच्या राज्यातलं गाव

जर्मनीतलं जुनं गाव बघायचं म्हटलं की आपली मंडळी रोथेनबुर्ग नाहीतर हायडेलबर्ग गाठतात, मी म्हणते एकदा क्वेडलिनबुर्गला जाऊन या. हार्झ डोंगराच्या पायथ्याशी, पूर्वीच्या पूर्व जर्मनीतलं हे गाव, बर्लिनहून माग्डेबुर्गला गाडी बदलून रीजनल ट्रेननी आरामात जाता येतं. मी एकटीच गेले होते, आणि एकट्या बाईला फिरायला एकदम सोयीचं वाटलं, सगळं पायी होतं.

आधी घरं. लाकडी चौकटीची दोन हजारांच्या आसपास घरं आहेत, १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत. वोर्डगासे गल्लीत ३ नंबरचं घर चौदाव्या शतकातलं, आत आता म्युझियम आहे. तिथे खांब जमिनीपासून थेट छपरापर्यंत अखंड, आणि मधल्या जागेत काठ्या विणून वर माती लिंपलेली, अहो, ही तर आपल्या कोकणातली कुडाची भिंत! मी किती वेळ तिथेच. नंतरच्या काळातल्या घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे पुढे आलेत आणि तुळयांवर पंख्यासारखी नक्षी कोरलीये, मान वर करूनच चालायचं.

पण मला खरं भारावून टाकलं ते टेकडीवरच्या चर्चनी. जर्मन राजा हाइनरिश पहिला ९३६ मध्ये गेला, त्याला इथे पुरलं, आणि त्याच्या विधवा राणीनं, माटिल्डानं, मुलगा ओटोच्या मदतीनं इथे स्त्रियांचा मठ काढला. सरदार-राजघराण्यातल्या मुली इथे राहायच्या, शिकायच्या, आणि मठाची प्रमुख बाई गावाची मालकीण, बाजार तिचा, नाणी तिची! १४७७ मध्ये गावकऱ्यांनी डोकं वर काढलं तर हेडविग नावाच्या प्रमुखबाईंनी भावांचं सैन्य बोलावून गाव परत ताब्यात घेतलं, बाजारातला रोलांडचा पुतळा, जो गावाच्या स्वातंत्र्याची खूण होता, तो पाडला. तो परत उभा राहिला थेट १८६९ मध्ये, आज टाऊन हॉलपाशी बघायला मिळतो. हे बायकांचं राज्य एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. टेकडीवरच्या त्या चर्चच्या तळघरात राजा-राणीच्या कबरी शेजारी शेजारी आहेत, तिथे नक्की उतरा.

आणि डोरोथेआ एर्क्सलेबेन याच गावची! वडील डॉक्टर, त्यांनीच शिकवलं, लग्न झालं, घरात सावत्र मुलं, स्वतःची मुलं, तरी पेशंट बघणं चालूच. गावातल्या डॉक्टरांनी भोंदू म्हणून तक्रार केली तर बाईनं प्रबंध लिहिला, परीक्षा दिली, आणि १७५४ मध्ये हाले विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, जर्मनीत असं करणारी पहिली स्त्री. मला तिथे आनंदीबाई जोशी आठवल्याच, त्यांची पदवी १८८६ ची. या दोघींबद्दल शाळेत एकत्र शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

म्युन्झेनबेर्ग टेकडी सोडू नका. तिथेही स्त्रियांचा मठ होता, तो ओस पडल्यावर गरीब कारागीर आणि वाजंत्री लोकांनी त्याच्या अवशेषांतच घरं बांधली, त्यामुळे जुन्या चर्चचे भाग आता लोकांच्या घरांखाली तळघरात आहेत. संध्याकाळी जा, समोरच्या टेकडीवरच्या त्या मोठ्या चर्चवर तेव्हा ऊन असतं, फोटो मस्त येतात.